अक्काताईचा निष्क्रिय माग

अक्काताईचा माग निष्क्रिय आहे, असा निरोप सरकारने तिच्या फोनवर पाठवला तेव्हा अक्काताई त्याच मागावर साडी विणत होती. मागाच्या खडखडाटात फोन वाजल्याचं तिला कळलंच नाही. संध्याकाळी शेजारच्या शालूबाईने तो निरोप वाचून दाखवला, आणि वाचता वाचता तिच्या तोंडावर जो आनंद पसरला तो लपवायचे कष्टही तिने घेतले नाहीत.

"निष्क्रिय म्हंजे काय गं?"

"म्हंजे मेल्यात जमा. आणि खाली लिवलंय, खुलासा द्या, न्हायतर माग वडून नेऊ. तवाच सांगितलं हुतं मी, भिशी सोडू नको म्हणून. भिशीत कोण तुझा माग न्यायला येतंय?"

अक्काताईने फोन टिळकवाडीला लावला. टिळकवाडीत, म्हणजे बेळगावातल्या पांढरपेशा वस्तीत, तिचा धाकटा भाऊ नागेंद्र राहतो. वडगावच्या विणकराच्या घरात जन्मला, पण मागावर न बसता शिकला, आणि आता एका खासगी हायस्कुलात हेडक्लार्क आहे. कचेरीची भाषा आपल्याला येते, कचेरीतल्या माणसांशी कसं बोलावं हे आपल्याला कळतं, असा त्याचा गाढ समज होता. या समजापायीच त्याने विधवा बहिणीला शालूबाईच्या भिशीतून ओढून काढून सरकारच्या योजनेत घातलं होतं. "गल्लीतल्या भिशीवर कसला विश्वास ठेवतेस गं आक्का? हे बघ, सरकार आहे. मी आहे ना," असं तो म्हणाला होता. हे "मी आहे ना" माणसाला फार महागात पडतं.

योजना कागदावर छान होती. कागदावर सगळ्याच छान असतात. गरिबाने दोन वर्षं पोटाला चिमटा काढून पैसे ठेवायचे, सरकार तेवढेच घालणार, आणि दोन्ही मिळून घरात काहीतरी कमावती वस्तू आणायची. कोणी म्हैस, कोणी शिलाई मशीन, अक्काताईने माग. जन्मभर मालकाच्या शेडमध्ये मजुरीवर साड्या विणलेली बाई आता घरच्या पुढच्या खोलीत स्वतःच्या मागावर बसली. फक्त "स्वतःच्या" या शब्दाला एक शेपूट होतं. साहेब येऊन बघणार, वस्तू वापरात आहे असं लिहिणार, आणि मगच ती तिच्या नावावर चढणार. वापरात नाही असं ठरलं तर माग सरकारजमा, आणि त्यात मुरलेली तिची बचतही त्याच्याबरोबर गेली.

आता बघा, नागेंद्रच्याच इमारतीखाली एका गृहस्थांची कर्ज काढून घेतलेली गाडी उभी असते. तिच्यावर इतकी धूळ आहे की पोरं तिच्यावर बोटाने चित्रं काढतात. ती गाडी निष्क्रिय आहे असं सांगायला आजवर कुणी साहेब आला नाही. पण गरिबाच्या वस्तूने कसं सदैव हलत राहायला पाहिजे! गरिबाची म्हैस बसलेली दिसली तरी सरकारच्या पोटात कळ येते.

"आक्का, साहेब आलतं कवा?" बहिणीशी बोलताना नागेंद्रची टिळकवाडी आपोआप गळून पडते.

"आमोशाला आलतं की."

नागेंद्रने कपाळावर हात मारून घेतला. वडगावात अमावास्येला माग चालत नाही. त्या दिवशी माग पुसून, हळदकुंकू लावून, हार घालून, पुढे नारळ ठेवून बंद ठेवतात. एरवी त्या गल्लीत शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. अमावास्येला पलीकडच्या घरात घातलेली फोडणी ऐकू येते. नेमका त्या दिवशी साहेब आला, हार घातलेल्या मागाचा फोटो काढला, फोनमध्ये "वापरात नाही" दाबलं, आणि चहा घेऊन गेला. तो फोटो बघून वरच्या कचेरीत कुणाला माग वारलाच असं वाटलं असेल, तर त्याला तरी काय बोलणार?

"तू सांगितलं न्हाईस व्हय, आज आमोशा हाय म्हणून?"

"सांगितलं की. 'व्हय की हो, आज आमोशा' असं म्हणाले आणि गेले."

दुसऱ्या दिवशी नागेंद्र इस्त्रीचा शर्ट घालून योजनेच्या कचेरीत गेला. अर्ज त्याने स्वतः टाईप केला होता. "सविनय" ने सुरू होऊन "कळावे" ने संपणारा असा अर्ज हल्ली कोणी लिहीत नाही, आणि का लिहीत नाही ते त्याला लवकरच कळलं. काउंटरवर मनिषा मॅडम होत्या. त्यांनी अर्ज वाचला नाही, फक्त त्याचं वजन केल्यासारखा हातात धरला.

"परत तपासणी लागेल."

"लागू दे मॅडम. फक्त एवढंच, अमावास्या सोडून कुठल्याही दिवशी या. महिन्यातले बाकी सगळे दिवस माग चालू असतो."

"तारीख साहेब ठरवतात."

"साहेबांना भेटता येईल?"

"साहेब आज फाइलीत आहेत."

नागेंद्र पोचपावतीवर शिक्का घेऊन बाहेर पडला. शिक्का अगदी स्वच्छ उमटला होता. त्याने तो घरी बायकोला दाखवला, आणि मग वरच्या मजल्यावरच्या परसूअण्णांना दाखवला. परसूअण्णा खानापूरच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आणि इमारतीतल्या सगळ्यांना फुकट सल्ला देण्याचं काम त्यांनी पेन्शनबरोबरच सुरू केलेलं.

"शिक्का आहे ना? मग झालं तुझं काम," ते म्हणाले. "आमच्या वेळी एकदा शिक्का पडला की ब्रह्मदेवाला पुसता यायचा नाही."

बायको रचना म्हणाली, "शिक्का कशावर पडलाय? अर्ज मिळाला यावर. अर्ज वाचला यावर नाही." पण बायकोचं म्हणणं तेव्हा त्याला कुजकट वाटलं, आणि तो तिच्याशी दोन दिवस अर्धाच बोलला.

मग पुढची अमावास्या आली, आणि साहेबही आले.

अक्काताईचा फोन आला तेव्हा नागेंद्र हायस्कुलात दाखले लिहीत होता. तो तसाच उठला, स्कूटर काढली, आणि डोक्यावर हेल्मेट आणि डोक्यात राग घेऊन वडगावात पोचला. साहेब ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. कपाळाला ताजा अंगारा, हातात चहा, मांडीवर फोन. माणूस वाईट दिसत नव्हता. हीच तर पंचाईत असते. वाईट दिसला असता तर निदान मारता आला असता. आत माग, गळ्यात हार घालून, नव्या नवरीसारखा गप्प.

"साहेब, मी अर्जात लिहिलं होतं..."

"अर्ज मिळाला की हो. म्हणून तर परत आलो," साहेब प्रेमाने म्हणाले. "पण माग बंदच दिसतो हो तुमचा. फोनात चालू मागाचा फोटो लागतो. आगंगिल्ल री."

आगंगिल्ल म्हणजे होत नाही. बेळगावात कचेरीत जाणाऱ्या माणसाला एवढा एक शब्द कन्नड, मराठी, हिंदी, सगळ्या भाषांत ओळखता येतो.

नागेंद्र बहिणीकडे वळला. "आक्का, दोन मिंटं चालीव. फोटो काढतील आणि जातील."

"मी न्हाय बाबा."

"अगं दोनच मिंटं!"

"दोन मिंटं पाप केलं तर त्याला काय सूट हाय व्हय?"

एव्हाना गल्ली गोळा झाली होती. त्या दिवशी सगळ्यांनाच सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या दारातल्या भांडणासारखी करमणूक नाही. गल्लीतले वडीलधारे रवळूअण्णा पुढे आले. "आमोशाला ह्या गल्लीत माग हललाय असं आमच्या बापजन्मात झालं न्हाय. एकानं चालीवला की दोष सगळ्या गल्लीला लागतोय. शिकलासा म्हणून असं करतासा व्हय?"

आता हा घाव वर्मी बसला. शिकल्याबद्दलचे टोमणे नागेंद्र लहानपणापासून ऐकत आला होता. एकीकडे बहिणीचा माग जातोय, दुसरीकडे ती स्वतःच तो वाचवायला तयार नाही, तिसरीकडे साहेब चहाचा शेवटचा घोट घेतायत, आणि चौथीकडे गल्ली. त्याने चप्पल काढली, हार उचलून खुंटीला अडकवला, आणि "मी चालीवतो" म्हणत मागाचं बटण दाबलं.

विणकराचा पोरगा असला म्हणून माग त्याला ओळख देत नाही. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी अक्काताईने आडवा धागा नेणारा लाकडी धोटा अर्धवट बाहेर काढून ठेवला होता, तो नीट बसवून मग माग चालू करायचा असतो. हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नागेंद्रलाही होतं, फक्त त्या घटकेला आठवलं नाही. एक ठोका पडला, दुसऱ्या ठोक्याला धोटा जागेवरून सुटला, साहेबांच्या कानाजवळून दाराबाहेर गेला आणि समोर शालूबाईच्या कट्ट्यावरच्या पितळी घागरीवर असा आदळला की देवळातल्या पुजाऱ्याने बाहेर येऊन बघितलं. मागे ताण्याचे उभे धागे तटातट तुटत गेले. बंद करायचं बटण कुठलं हे शोधण्यात नागेंद्रने आणखी शेपन्नास धागे तोडले. शेवटी अक्काताईने धावत येऊन माग थांबवला, आणि भाऊ जमिनीवर बसलेला आढळला. कसा बसला हे त्यालाही सांगता आलं नसतं.

साहेबांनी तेवढ्यात फोटो काढला होता. त्यात माग बंदच आला, शिवाय धागे लोंबतायत आणि खाली एक चष्मा वाकडा झालेला माणूस गुडघा धरून बसलाय. साहेबांनी फोनमध्ये बघून "नादुरुस्त" दाबलं. म्हणजे पहिल्या खेपेला माग नुसता निष्क्रिय होता, आता भावाच्या कृपेने मोडकाही झाला.

"बघा," रवळूअण्णा गल्लीला म्हणाले, आणि गल्लीने बघितलं.

पुढचे कितीतरी दिवस अक्काताई एकेक धागा गाठत बसली. त्या दिवसांची कमाई गेली, साडीची मागणी दुसऱ्या घराने घेतली. नागेंद्र रोज शाळा सुटल्यावर तिथे जायचा आणि तिच्या शेजारी बसून धागे वेगळे करायचा. घागरीला पोचा पडला म्हणून शालूबाई रोज ती घागर त्याच्या डोळ्यांसमोर आणून घासायची.

मग वसुलीचा निरोप आला. माग नेण्यासाठी टेम्पो येणार.

तो निरोप वाचून नागेंद्र कचेरीत गेला तो इस्त्री न करता गेला. या खेपेला अर्ज नव्हता. "मला फक्त एक सांगा मॅडम," तो काउंटरवर मूठ आपटून म्हणाला, "महिन्यातले सगळे दिवस सोडून तुमच्या साहेबांना अमावास्याच कशी सापडते?"

मनिषा मॅडमना त्याची मूठ आवडली नाही, पण प्रश्न सोपा होता. "अमावास्येला साहेब नवीन फाइल उघडत नाहीत. त्यांचं पाळणं आहे. ऑफिसात बसून काय करणार? म्हणून त्या दिवशी फिल्डवर."

नागेंद्रला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग त्याला कळलं की नीटच ऐकलंय. तो मॅडमना ओलांडून सरळ आत गेला. साहेब फाइलीत होते.

"साहेब, तुम्ही अमावास्या पाळता?"

"पाळतो की हो. आमच्या घरी पहिल्यापासून आहे."

"आणि माझ्या बहिणीने पाळली तर ती निष्क्रिय?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि एखाद्या अजाण माणसाला समजवावं तसं ते म्हणाले, "हे बघा, देवाधर्माचं वेगळं, कामाचं वेगळं."

नागेंद्रचा राग त्या घटकेला इतका मोठा झाला की तोंडातून बाहेर पडायला त्याला वाटच मिळेना. पगारी माणसाची अमावास्या म्हणजे श्रद्धा, आणि हातावर पोट असलेल्या बाईची अमावास्या म्हणजे आळस! बचत कशी करावी हे गरिबाला शिकवायला निघालेत, आणि त्याची म्हणून एवढी एक सुट्टी, तीही त्यांच्या डोळ्यांत खुपते. हे सगळं त्याला म्हणायचं होतं. प्रत्यक्षात तो "हे बरोबर नाही, हे बरोबर नाही" एवढंच म्हणत राहिला, आणि शिपायाने त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. हेडक्लार्कला शिपायाने बाहेर काढणं म्हणजे काय, हे हेडक्लार्कलाच विचारा.

परसूअण्णांनी सल्ला दिला की माहिती अधिकारात अर्ज टाक. रचना म्हणाली की आक्कांना घरी घेऊन या, मागाचं जे होईल ते होईल. अक्काताई म्हणाली, "मी कुठंबी येणार न्हाय. मागाबरोबर मलाबी टेम्पोत घाला."

टेम्पो कधी आला हे सांगायची गरज आहे का? अमावास्येलाच आला.

नागेंद्र सकाळपासून दारात उभा होता. राहून गेलेलं सगळं भाषण त्याने या खेपेला दोन भाषांत तयार ठेवलं होतं. माग हार घालून, पुढे समई लावून गप्प होता. साहेब उतरले, मागून हमाल उतरले. नागेंद्रने घसा साफ केला. पण हमालांतला म्हातारा त्याच्या खांद्यावरून आत डोकावला आणि जागच्या जागी थांबला.

"साहेब, ह्यो पूजेतला माग हाय. आज उचलायचा न्हाय."

"समई बाजूला ठेवा आणि उचला."

"दिवा लागलाय, नारळ ठेवलाय, आणि आज आमोशा. तुमी उचला, आमी पाया पडतो." तो कट्ट्यावर बसला. त्याचे सोबतीही बसले. शालूबाईने त्यांना पाणी दिलं. ही शालूबाई कुणाच्या बाजूने असते हे कळायला वेळ लागतो.

साहेब स्वतः पुढे झाले. मागाजवळ गेले, हात पुढे केला. मग तो हात त्यांच्याच नकळत छातीशी गेला, आणि त्यांनी मागाला नमस्कार केला.

अक्काताई तोपर्यंत भिंतीला टेकून उभी होती. ती नागेंद्रला बाजूला सारून पुढे आली. "का हो साहेब? उचला की. देवाधर्माचं वेगळं आणि कामाचं वेगळं, असंच सांगितलंसा न्हवं माझ्या भावाला? तुमचं पाळणं ते पाळणं, आणि माझं पाळणं ते मोडकं व्हय? तीस दिसांतला एक दिस मी हात जोडून बसते, आणि तुमी नेमकं त्याच दिशी येऊन मला आळशी म्हणून जाता! उरलेल्या दिसांत कवा आलतासा? एकदा तरी आलतासा?"

साहेब फोनकडे बघू लागले. माग का नेला नाही, हे फोन विचारत होता, आणि काही न दाबता परत गेलं तर टेम्पोचं भाडं त्यांच्या खिशातून जाणार होतं. पर्याय फोनने दिलेलेच होते. "लाभार्थीने अडथळा आणला" दाबावं, तर पोलिसात तक्रार, म्हणजे आज नवीन फाइल. "घर बंद" दाबावं, तर पंचनामा, म्हणजे पुन्हा आज नवीन फाइल. तिसरा पर्याय "मालमत्ता वापरात आढळली" असा होता, आणि त्याला फाइल लागत नव्हती, वसुलीच्या खेपेला फोटोही लागत नव्हता.

साहेबांनी एकदा मागाकडे बघितलं, एकदा आभाळाकडे, आणि तिसरा पर्याय दाबला.

लगेच अक्काताईचा फोन वाजला. गल्लीत एवढी शांतता होती की सगळ्यांना ऐकू आला. शालूबाईने वाचलं, "अभिनंदन. आपली मालमत्ता आपल्या नावे नोंदवण्यात आली आहे."

"अहो पण हे खोटं आहे!" नागेंद्र ओरडला. "माग आज बंद आहे! तो रोज चालू होता तेव्हा तुम्ही..."

अक्काताईने त्याच्या तोंडावर हात दाबला. हाताला हळदीचा वास होता. "गप बस रं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचाच होता. "लई झालं तुझं शिक्षण."

साहेब नमस्कार करून गेले, हमाल चहा पिऊन गेले. नागेंद्रचं दोन भाषांतलं भाषण तसंच पोटात राहिलं आणि रात्रभर जळजळत राहिलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच अक्काताईने हार उतरवला, धोटा बसवला आणि बटण दाबलं. माग दिवसभर चालला. त्याचा फोटो काढायला कोणी आलं नाही.